दावणीचा सौदा

बायबलमधल्या 'उत्पत्ती'च्या 47व्या अध्यायात दुष्काळाचा एक हिशेब आहे. मिसर आणि कनान करपले, लोकांकडचा पैसा संपला, तेव्हा कोठारं सांभाळणाऱ्या योसेफाने जनावरं मागितली. घोडे, मेंढरं, गुरं, गाढवं मिसरच्या राजाच्या, फारोच्या दावणीला गेली आणि वर्षभराचं अन्न मिळालं. पुढल्या वर्षी जमिनी गेल्या, शेवटी माणसंही फारोची झाली.

माण, खटाव, आटपाडी, जत या आपल्या दुष्काळी तालुक्यांकडे हा क्रम कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दुष्काळात ज्वारीचा भाव चढतो आणि त्याच बाजारात खिलार बैलाचा उतरतो. वैरणच नसेल तर बैल घ्यायचा कुणी? बुडतो तो विकणारा. योसेफाचा व्यवहार कठोर खरा, पण निदान जनावरं चारा असलेल्याच्या हाती गेली. 1876च्या दुष्काळात आपल्याकडे तेवढंही नशीब नव्हतं.

शेजारच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच्या अगदी उलट. त्यांनी बादशाही कोठार फुकट लुटवलं आणि विठोबाने विठू महार होऊन रक्कम भरली. कथा गोड आहे, पण दर दुष्काळाला विठोबा कुठून आणणार?

उत्तर निघालं ते तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्याकडून. गाठीचा पैसा संपला की दावण सुटते. मग पैसाच मजुरीतून मिळू द्यावा. रोजगार हमीचा पहिला प्रयोग 1969 साली तासगाव तालुक्यातच झाला. 1972च्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर कामाला आली.

उरला चारा. त्यासाठी छावणी. 2012 साली म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने उभारलेल्या छावणीत हजारो जनावरं आली आणि त्यांच्यामागे घरंही: दावणीशेजारी खोपट, चूल, हंडे. 2019च्या सरकारी छावण्यांत मोठ्या जनावरामागे दिवसाला 90 रुपये मिळत, पुढे 100 झाले. जनावर मालकाचंच राहतं, दूधही त्याचंच. फारोच्या सौद्यात ही सोय नव्हती.

शेळ्या-मेंढ्या मात्र बराच काळ छावणीच्या हिशेबाबाहेर. पण माणदेशी धनगराचा स्वतःचा सौदा जुनाच आहे. पावसाळा सरला की तो कळप घेऊन ओल्या मुलखाकडे निघतो, रात्री कुणाच्या रानात मेंढरं बसवतो आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेतो. सकाळी कळप पुढे, धान्य घोड्यावर.