हातांची साक्ष: दंतवैद्यकाच्या प्रवेशद्वारावर खडू, साबण आणि विणकाम

#धागा

ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मागणारे विद्यार्थी अर्जासाठी आपल्या छंदांची जुळवाजुळव करतात. कोणी क्रोशाचे विणकाम सांगतो, कोणी व्हायोलिन, कोणी भरतकाम, कोणी विमानांच्या चिमुकल्या प्रतिकृती. बारीक कामाला तुमचा हात सरावलेला आहे हे कशावरून, असा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो आणि त्याला उत्तर म्हणून हे छंद पुढे करायचे असतात. रसायनशास्त्रातील गुणांच्या शेजारी लोकरीचा मफलरही तोलला जावा, ही गोष्ट वरवर गमतीची वाटते. तिची मुळे मात्र अडीच शतकांपूर्वीच्या कारागिरांच्या दुकानांत आहेत.

१७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच शल्यचिकित्सकाने दंतचिकित्सेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ बहुधा तेथून मोजतात. फोशारने आपली हत्यारे कोठून घेतली? घड्याळजी, जवाहिरे आणि न्हावी यांच्याकडून. दातांसाठी वेगळी हत्यारे फारशी नव्हतीच. जे हात घड्याळाच्या चाकांत फिरत, तेच दाढेतही फिरू शकतात, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

अटलांटिकच्या पलीकडे, बॉस्टनमध्ये, पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा कारागीर १७६८ साली वृत्तपत्रातून जाहिरात देत होता की आपण कृत्रिम दातही बसवून देतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील घोडदौडीमुळे तो अजरामर झाला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरी एक कामगिरी अधिक मोलाची आहे. त्याचा मित्र डॉ. जोसेफ वॉरन जून १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत पडला. पुढल्या वर्षी प्रेत उकरून काढले तेव्हा ते ओळखण्याजोगे राहिले नव्हते. वॉरनच्या तोंडात रिव्हिअरने स्वतः तारेने बांधलेला कृत्रिम दात होता. कारागिराने आपले काम ओळखले आणि त्यावरून माणूस ओळखला गेला. दातांवरून मृताची ओळख पटवण्याचे अमेरिकेतील सर्वांत जुने उदाहरण म्हणून याचा उल्लेख होतो.

जॉर्ज वॉशिंग्टनचा दंतवैद्य जॉन ग्रीनवुड हाही याच परंपरेतला. वडील हस्तिदंताचे कातकाम करणारे, स्वतः लहानपणी सुतारकामाची उमेदवारी केलेली, युद्धात पोरवयात बासरीवादक. आईचा सूत कातायचा चरखा मोडून त्याने पायाने चालवायचे दंतछिद्रक यंत्र बनवले, असे सांगतात. वॉशिंग्टनच्या लाकडी कवळीची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. ती खोटी आहे. ग्रीनवुडने १७८९ मध्ये केलेली कवळी पाणघोड्याच्या दातांतून कोरलेली होती, तिच्यात माणसांचे दात बसवलेले होते आणि राष्ट्राध्यक्षांच्या तोंडातील एकुलत्या एका शिल्लक दातासाठी तिला भोक ठेवलेले होते. (माणसांचे दात कोठून येत, हा एका वेगळ्या आणि अधिक काळ्या धाग्याचा विषय आहे. १७८४ च्या वॉशिंग्टनच्या हिशेबवहीत कृष्णवर्णीयांना नऊ दातांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे.)

या माणसांपैकी कोणालाही ‘तुमचा छंद कोणता?’ असे विचारण्याची गरज पडली नसती. हात आधी तयार होता, दात नंतर आले.

१८४० मध्ये हा क्रम उलटू लागला. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी बॉल्टिमोर येथे जगातील पहिले स्वतंत्र दंतवैद्यक महाविद्यालय काढले. उमेदवारीची जागा हळूहळू पदवीने घेतली. कारागिरांच्या गर्दीतून दंतवैद्याला ‘डॉक्टर’ म्हणून वर काढायचे, हा त्यामागील हेतू होता. भोंदूंचा सुळसुळाट पाहता तो योग्यही होता. पण महाविद्यालयाला दार असते, आणि दार आले की दारात कोणाला अडवायचे हा प्रश्न येतो. हाताची परीक्षा आता दारावर होऊ लागली, आणि तीही सर्वांची सारख्या मापाने नव्हे.

येथे थोडे थांबू, कारण या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत प्रिय व्यक्ती येथे भेटते. एमेलीन रॉबर्ट्स जोन्स. कनेटिकट राज्यातील डॅनिएल जोन्स या दंतवैद्याशी १८५४ मध्ये, अठराव्या वर्षाच्या आसपास, तिचा विवाह झाला. तिला पतीचे काम शिकायचे होते. बायकांची बोटे नाजूक आणि बोजड, ती या कामाला उपयोगाची नाहीत, असे पतीचे मत होते. (एकाच वेळी नाजूक आणि बोजड कशी, हे विचारायचे नसते.)

एमेलीनने वाद घातला नाही. पतीने उपटलेले दात ती गोळा करू लागली. गुपचूप त्यांत छिद्रे करायची, ती भरायची आणि भरलेला दात बरणीत टाकायचा. असे शेकडो दात भरून झाल्यावर तिने ती बरणी पतीपुढे ठेवली. १८५५ मध्ये ती त्याच्या दवाखान्यात रुग्णांचे दात भरू लागली. १८६४ मध्ये पती वारल्यावर दोन मुलांचा भार तिच्यावर आला. उचलून नेता येणारी खुर्ची घेऊन तिने पूर्व कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये फिरून व्यवसाय केला, आणि पुढे न्यू हेवनमध्ये कित्येक दशके दवाखाना चालवला.

आजच्या अर्जांत ‘हस्तकौशल्याचा पुरावा’ म्हणून जे मागितले जाते, त्याचा इतका निर्विवाद नमुना मला दुसरा सापडलेला नाही. गंमत अशी की याच काळात शिवणटिपण आणि भरतकाम हे स्त्रियांचे स्वाभाविक गुण मानले जात. सुईत दोरा ओवणारा हात दाढेतील छिद्रापाशी येताच नालायक ठरे. म्हणजे प्रश्न बोटांचा नव्हताच. महाविद्यालयांनीही तेच केले. लूसी हॉब्जला सिनसिनाटीच्या दंतवैद्यक महाविद्यालयाने स्त्री म्हणून आधी नाकारले. आयोवात काही वर्षे यशस्वी व्यवसाय केल्यावरच तिला आत घेतले गेले, आणि १८६६ मध्ये ती दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली स्त्री ठरली.

पदवी आली म्हणून कारागिरी गेली, असे मात्र झाले नाही. १९०७ मध्ये विल्यम टॅगार्टने दातात बसवायचे सोन्याचे भरण ओतण्याची पद्धत मांडली: मेणाचा नमुना करा, त्याभोवती साचा घाला, मेण वितळवून काढा, त्या पोकळीत सोने ओता. आपल्याकडील मूर्तिकारांना हे मधुच्छिष्टविधान म्हणून ठाऊक होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचे वर्णन आहे. दंतवैद्याला आता मूर्तिकारासारखे मेण घडवता येणे भाग होते.

मग अशी बोटे असलेले विद्यार्थी निवडायचे कसे? अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९५० मध्ये देशभर अभियोग्यता चाचणी सुरू केली, आणि तिच्यात खडू कोरण्याची परीक्षा ठेवली. उमेदवाराला खडूचा दांडा, चाकू आणि पट्टी मिळे. आराखड्यात दिलेला भौमितिक आकार मापाबरहुकूम कोरायचा. पृष्ठभाग सपाट आहे का, कोपरे धारदार उतरले आहेत का, आकृतीशी इमान राखले आहे का, यावर गुण. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या बरोबरीने खडूचा भुगा उडवत दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन तरुण दंतवैद्यकाच्या दारात उभे राहिले.

१९७२ मध्ये खडू गेला. त्याच्या जागी आली आकृत्या पाहून सोडवायची आकलनक्षमतेची लेखी चाचणी. कोन लहानमोठे ओळखा, ठोकळे मोजा, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून तो उलगडला तर भोके कोठे दिसतील ते सांगा. आज तिच्यात ९० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. ही परीक्षा यंत्राला तपासता येते, खडूचा तुकडा परीक्षकाला हातात घेऊन पाहावा लागे. हिशेब समजण्यासारखा आहे. परंतु हाताची परीक्षा अशा रीतीने डोळ्यांची परीक्षा झाली, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी घ्यावी. शेजारच्या कॅनडाने अधिक चिकाटी दाखवली. तेथे साबणाची वडी कोरण्याची चाचणी अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती, आणि उमेदवार घरी वड्यांमागून वड्या कोरून सराव करीत.

खडू आणि साबण गेल्यावर उरला छंद. माझ्या मते ब्रिटनमधील मुलाखतीत विचारला जाणारा प्रश्न हा त्या जुन्या कारागिरीचा उरलासुरला अवशेष आहे. आणि खडूच्या तुलनेत तो अधिक निसरडा आहे. खडू सर्वांना सारखाच मिळत होता. व्हायोलिन सर्वांच्या घरी नसते, आणि शाळा सुटल्यावर कामाला जाणाऱ्या मुलाला जहाजांच्या प्रतिकृती चिकटवायला संध्याकाळ नसते. ठिपक्यांची रांगोळी काढणारी, मेंदीचा कोन न थरथरता फिरवणारी किंवा आईबरोबर मोदकाच्या कळ्या पाडणारी मराठी मुलगी लंडनमध्ये अर्ज लिहीत असेल, तर हे ‘पुरावा’ म्हणून लिहावे असे तिच्या मनात तरी येईल का? ‘छंद’ हा शब्दच मुळी फुरसत गृहीत धरतो. घरकाम किंवा रोजगार म्हणून केलेली बारीक कामे त्यात सहजी बसत नाहीत, जरी पॉल रिव्हिअरपासूनची सारी परंपरा रोजगाराचीच असली तरी. हस्तकौशल्याचे आरंभीचे गुण आणि पुढील यश यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांतही एकवाक्यता नाही. मग मफलर विणणाऱ्याला न विणणाऱ्याच्या पुढे कोणत्या आधारावर बसवायचे?

भारतात हा प्रश्न वेगळ्या रीतीने मिटवला गेला. आयोवातून १९१५ मध्ये पदवी घेऊन परतलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले; त्याचा खर्च भागवायला त्यांच्या ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या दुकानाची मिळकत कामी आली. आज बीडीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. तेथे कोणी खडू देत नाही, छंदही विचारत नाही. हात पहिल्यांदा बाहेर येतो तो प्रवेश झाल्यावर, प्रथम वर्षात. समोर मेणाचा ठोकळा, हातात लेक्रॉन कार्व्हर, आणि त्या ठोकळ्यातून पटाशीचा दात, सुळा, दाढ काढायची. पहिली दाढ बहुतेकांची बटाट्यासारखी होते. वर्षअखेरीस त्याच हातांतून तिचे उंचवटे आणि खाचा जागच्या जागी उतरू लागतात. मधल्या काळात मेणाचे किती ठोकळे फुकट गेले, हे कोणी मोजत नाही.