एकही ‘एल’ नसलेला निरोप

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज आपण पोटात गोष्ट ठेवणाऱ्या बायकांचा इतिहास ऐकू या.

बिनतारी निरोप हवेतून जातो, त्यामुळे तो शत्रूलाही ऐकू येतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि इटली आपले निरोप ‘एनिग्मा’ यंत्रावर सांकेतिक करून पाठवत. दिसायला ते टाइपरायटरसारखं. एक अक्षर दाबलं की भलत्याच अक्षराचा दिवा लागायचा. आतली चक्रं दर वेळी फिरायची, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबलं तरी दिवा बदलायचा. ऐकणाऱ्याच्या हाती उरायचा नुसता अक्षरांचा काला.

तो उलगडण्याचं काम इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला चाले. युद्धाच्या अखेरीस तिथे काम करणाऱ्यांत चारांतल्या सुमारे तीन स्त्रिया होत्या. त्यांतलीच मेव्हिस लीव्हर. जर्मन शिकणारी ही मुलगी १९४० मध्ये तिथे आली, तेव्हा ती १९ वर्षांची होती.

एनिग्माची एक खोड होती. कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नसे. एकदा मेव्हिसच्या हाती इटालियन आरमाराचा लांबलचक निरोप आला. त्यात ‘एल’ एकदाही नव्हता! तिनं ताडलं, की हा नुसता चाचणीचा निरोप आहे आणि पाठवणारा आळसानं ‘एल’चीच कळ दाबत बसला आहे. मूळ मजकूर कळल्यामुळे चक्रातल्या तारांची जोडणी शोधता आली.

मार्च १९४१ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्या निरोपांमुळे इटलीची मोहीम आधीच कळली. ग्रीसजवळ मातापानच्या लढाईत इटलीची पाच युद्धनौका बुडाल्या. दोन हजारांहून जास्त खलाशी गेले.

ब्लेचलीच्या बायका मात्र युद्ध संपल्यावरही गप्प राहिल्या. १९७४ साली या कामावर पुस्तक आलं, तोवर कित्येकींच्या घरच्यांनाही पत्ता नव्हता.

आज आपले बँकेचे व्यवहारही असेच सांकेतिक होऊन मोबाइलवरून जातात. ते वाटेत फोडणं फार अवघड. म्हणून ठग सरळ फोन करून ओटीपी विचारतो, नाहीतर पासवर्डच्या जागी मुलाची जन्मतारीख टाकून बघतो. ती जन्मतारीख म्हणजे आपला ‘एल’. आज घरी गेल्यावर आपण सगळ्याजणी ती आधी बदलू या. आणि ओटीपी? तो पोटातच राहू दे.