कॅसेटवरचा आवाज आणि आपला इतिहास

आपला इतिहास कोणी लिहिला नाही, अशी तक्रार आपण वारंवार करतो. ती खरीच आहे. पण जे लिहिले गेले नाही ते सारेच नाहीसे झाले, असे मात्र नाही. त्यातले पुष्कळसे गायले गेले; आणि गायलेल्यापैकी काही भाग कॅसेटच्या फितीवर उतरला. ती फीत आता मरणपंथाला लागली आहे. म्हणून हा प्रश्न संगीतशौकिनांचा नाही, आपला आहे.

आवाज टिकवण्याच्या साधनावर आरंभापासून भांडवलाची मालकी होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकड्यांसाठी मुद्रित झाले. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. रात्रभर चालणारा आंबेडकरी जलसा त्या तीन मिनिटांत बसणार कसा? आणि तो बसवण्याची गरज कोणत्या कंपनीला वाटणार होती? भीमराव कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून ते जलसे आज आपण वाचतो. वाचतो, ऐकत नाही. याउलट बाबासाहेबांची १९५५ सालची मुलाखत आपण त्यांच्याच आवाजात ऐकू शकतो, कारण ती बीबीसीसारख्या साधनसंपन्न संस्थेने ध्वनिमुद्रित करून जपली. आवाज टिकणे न टिकणे हे गळ्यावर अवलंबून नसते, कपाट कोणाचे आहे यावर असते.

कॅसेटने ही मक्तेदारी पहिल्यांदा मोडली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली आणली. आपल्याकडे १९८० च्या आगेमागे ती गरिबाच्या हातात आली. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या वाटेवर कॅसेटरूपाने मिळू लागले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, टेपरेकॉर्डर असलेला कोणीही माणूस आपल्या वस्तीतला कार्यक्रम स्वतः भरून घेऊ शकत होता. स्वदेशी मिलच्या, प्रीमियरच्या कारखान्याच्या, रेल्वेच्या कामावर उभ्या राहिलेल्या कुर्ल्यासारख्या कामगार भागात १४ एप्रिलच्या रात्री मंचापुढे ठेवलेला टेपरेकॉर्डर हा आपला पहिला बखरकार होय. अक्षरओळख नसलेल्या पिढीने पुस्तके जमवली नाहीत, कॅसेटी जमवल्या. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या आधीच्या पिढीचे ग्रंथालय पत्र्याच्या ट्रंकेतच होते.

ही ग्रंथालये २६ जुलै २००५ ला बुडाली. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदी कुर्ल्याच्या घरांत शिरली. गाळ भरलेल्या कॅसेटी लोकांनी फेकल्या, किंवा उन्हात वाळत टाकल्या. वास्तविक भिजलेल्या फितीला उष्णता हाच शत्रू. ती न वाजवता स्वच्छ थंड पाण्याने गाळ काढून सावलीत, हवेवर सुकवली तर पुष्कळदा वाचते. पण हे सांगायला त्या वेळी वस्तीत कोण होते?

पूर नसला तरी मुंबईची दमट हवा तेच काम सावकाश करते. फीत म्हणजे प्लॅस्टिकची चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद पट्टी. तिच्यावर लोहाच्या संयुगाची भुकटी चिकटवलेली. दमटपणाने चिकटद्रव्य सैल होते, बुरशी चढते. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटे बसावेच लागते, घाईला वाव नाही. प्रत्येक टेपरेकॉर्डरचे हेड थोडे वेगळे बसलेले असे. म्हणून वाजवतानाही हेडचा कोन त्या कॅसेटपुरता जुळवावा लागतो, नाहीतर आवाज दबका येतो. पहिली प्रत काहीही न छाटता पूर्ण प्रतीची काढावी, तीन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

सफाईचा हा मुद्दा तांत्रिक नाही, तो इतिहासदृष्टीचा आहे. जयंतीच्या कॅसेटवर गाण्याच्या मधे काय ऐकू येते? पाच रुपये देणाऱ्याचे नाव, गाव. 'जयभीम'चा गजर. हरवलेल्या पोराची घोषणा. जाणारी लोकल. स्टुडिओच्या भाषेत हा सारा कचरा. पण वस्तीत कोण राहत होते, कोणत्या जिल्ह्यातून आले होते, चळवळ कोणाच्या पैशावर चालत होती, याचा दुसरा पुरावा आपल्याजवळ कुठे आहे? फितीची खरखर काढावी. वस्तीचा गलका काढू नये. यंत्राला हा फरक कळत नाही, तो आपण सांगायचा असतो. तसेच गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत ठेवावे. शाहिराची नाममुद्रा तिथेच असते, आणि ती गेली की कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर जाते.

जपलेला आवाज काय करतो, हे आपण पाहिले आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर'साठी त्यांचे गाणे मुद्रित झालेले होते. २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये तोच गळा पुन्हा साक्षीला उभा राहिला. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली हेमा राईरकर, गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात मुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासह जगासमोर आल्या. ओवी निनावी असते, हा समज त्या एका नोंदीने खोटा ठरवला.

असे काम कुर्ल्यात, घाटकोपरात, मुलुंडात आपल्या महाविद्यालयांनी अंगावर घेतले पाहिजे. यंत्र उसने मिळेल. पण कॅसेटवर गाणारा कोण, साल कोणते, वस्ती कोणती, हे ओळखून सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. फितीच्या आधी ती जातील. त्यांना शेजारी बसवून, ऐकवून, नावे लिहून घेणे हे पहिले काम. बाकीचे सारे त्यानंतरचे.