एक पंख नराचा, दुसरा मादीचा : काय असतं हे ‘अर्धनारी’ फुलपाखरू?

पुणे : पावसाळा सरत आला की वेताळ टेकडीवर, तळजाईवर आणि शेताच्या बांधावरही फुलपाखरांची गर्दी होते. त्यात क्वचित कधी असं एखादं फुलपाखरू निघतं, की त्याची डावी बाजू नराची आणि उजवी मादीची. मधोमध जणू सुरीने कापून दोन जोडलेली. फोटो मोबाइलवर फिरला की कुणी चमत्कार म्हणतं, कुणी बनावट. दोन्ही खरं नाही. शास्त्रात याला ‘गायनँड्रोमॉर्फ’ म्हणतात. ग्रीक भाषेतले बाई, पुरुष आणि रूप असे तीन शब्द जोडून हे नाव झालं आहे.

हे घडतं अंड्यातच. माणसात बाईची गुणसूत्रं एक्सएक्स आणि पुरुषाची एक्सवाय. फुलपाखरात उलटं असतं : नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. कधी एकाच अंड्यात दोन केंद्रकं राहतात, एक झेडचं अन् एक डब्ल्यूचं, आणि दोन्ही फळतात. मग शरीराचा एक भाग नराच्या पेशींचा बनतो, दुसरा मादीच्या. कधी अंड्याची पहिली वाटणी होतानाच एखादं गुणसूत्र गळतं. ही गडबड जितकी लवकर, तितकी विभागणी सरळ अर्धी-अर्धी. उशिरा झाली तर पंखावर नुसते ठिपके-पट्टे उमटतात. कोषातून बाहेर पडल्यावर कुणी असं बनत नाही.

आपल्याकडे माणसात, गुराढोरात नर-मादीची बरीचशी लक्षणं रक्तातून फिरणाऱ्या संप्रेरकांवर ठरतात, म्हणून अशी सरळ रेघ पडत नाही. कीटकाची पेशी मात्र मुख्यतः स्वतःची गुणसूत्रं वाचते. पक्ष्यांतही पेशीला स्वतःची ओळख असते. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटने (डॉली मेंढी जन्मली ती हीच संस्था) एका बाजूने कोंबडा, दुसऱ्या बाजूने कोंबडी असलेले तीन पक्षी तपासून २०१० मध्ये हे दाखवून दिलं. रेशीम किड्यांतही असे नमुने सापडतात. किड्याची मादी कशी ठरते, त्याची डब्ल्यू गुणसूत्रावरची किल्ली टोकियो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये शोधली.

मग असं फुलपाखरू ओळखायचं कसं? नर-मादीचा रंग वेगळा असेल तरच ते डोळ्यांना कळतं. आपल्याकडचं सोपं उदाहरण म्हणजे छोटा चांदवा, इंग्रजी नाव डॅनेड एगफ्लाय. याची अळी घोळाच्या भाजीवर वाढते. नर काळा, पंखांवर निळसर-जांभळी कड असलेले पांढरे ठिपके. मादी नारिंगी, थेट रुईवर वाढणाऱ्या विषारी प्लेन टायगरची नक्कल. पक्षी फसतात आणि मादी वाचते. या जातीत अर्धनारी निघालं तर एक बाजू काळी, दुसरी नारिंगी. लपणार कुठे? उलट २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताचे नर-मादी जवळपास सारखेच. त्यात असं झालं तरी सहसा कुणाच्या ध्यानात यायचं नाही. त्याचाच भाऊबंद असलेल्या ग्रेट मॉर्मनचा अर्धा-अर्धा नमुना मात्र २०११ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या प्रदर्शनात कोषातून बाहेर पडला आणि जगभर गाजला.

फसगतही होते. पंख फाटला, रंग उडाला किंवा एका पंखाची खालची बाजू दिसली तरी दोन बाजू वेगळ्या वाटतात. म्हणून पंख उघडलेले असताना वरून सरळ फोटो घ्यावा, दोन्ही बाजू एका चित्रात याव्यात. पुढचा आणि मागचा, दोन्ही पंख पाहावेत. पोटाचा आकारही पाहावा. एकच नमुना दिसला म्हणून फवारणीला बोल लावता येत नाही. फवारणी नसलेल्या ठिकाणीही ही गडबड होते.

फुलपाखरू पकडून डबीत ठेवू नये, टाचणीला लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनेक फुलपाखरांना संरक्षण आहे, आणि कोणती जात त्यात येते हे शेतात उभं राहून कळत नाही. फोटोसोबत गाव, तारीख आणि जवळचं झाड लिहून ठेवलं की पुरे. हा फोटो आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राला किंवा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवता येतो.