घाण्याचे तेल आणि जहाजावरचे तेल

ज्या धंद्यावरून आपल्या ज्ञातीस नाव पडले, त्या धंद्याचा इतिहास आपणच लिहून ठेवू नये, ही थोडी लाजिरवाणी गोष्ट होय. स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांच्या व गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या येतात, त्या यावयासच हव्यात. परंतु घाणा आपल्या पडवीतून कसा गेला आणि आज आपल्या कढईत जे तेल तापते ते कोठून आले, हे मुलाबाळांस सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

जुन्या काळी तेल ही गावची वस्तू होती. देशावर करडई, डोंगराळ मुलखात कारळे, विदर्भात जवस, कोकणात खोबरे. ज्या रानात जे पिके त्याचेच तेल त्या भागातील फोडणीत पडे. शेतकऱ्याने बी आणावे, तेल्याने ते उखळात घालून लाट फिरवावी, आणि मजुरीचा हिशेब धान्यात वा पेंडीत व्हावा, अशी रीत असे. घाण्यातून सगळे तेल निघत नसे. बरेचसे पेंडीत राही. पुढे यंत्रज्ञांनी हाच घाण्याचा मोठा दोष म्हणून दाखविला. ती पेंड गावच्याच गाईम्हशींच्या पोटात जाई, हे मात्र त्यांच्या हिशेबात आले नाही. हा धंदा एकट्या आपलाच होता असेही नव्हे. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल यहुदी घाणे चालवीत व शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. ज्या भुईमुगाने आपल्या कित्येक घराण्यांस बरे दिवस दाखविले, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही अमेरिकेचीच, ती पोर्तुगीजांबरोबर आली. तेव्हा परदेशी वस्तू स्वयंपाकघरात शिरणे हे काही आजचे नव्हे. पण त्या वेळी आले ते बी. ते आपल्या मातीत रुजले, आपल्या शेतकऱ्याने पेरले, आपल्या बैलांनी गाळले. आज येते ते तयार तेल, आणि सारा फरक येथे आहे.

पहिला धक्का गिरण्यांनी दिला, दुसरा वनस्पती तुपाने. डालडा १९३७ साली बाजारात आला. त्याच सुमारास, म्हणजे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास मगनवाडीत घाण्याच्या सुधारणेचे काम हाती घेतले. झवेरभाई पटेल यांनी तेथे सुधारलेला घाणा ‘वर्धा घाणी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने धंद्यास काही काळ धीर आला, इतकेच.

खरी उलथापालथ झाली ती पामतेलाने. हे झाड पश्चिम आफ्रिकेचे. डच लोकांनी १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटात बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली. पुढे सुमात्रा व मलायात त्याचे अफाट मळे झाले, आणि जगातील सर्वांत स्वस्त खाद्यतेल तेथून निघू लागले. आपल्या सरकारने १९८६ साली तेलबियांची मोहीम काढली व १९९३-९४ च्या सुमारास देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. त्याच सुमारास, १९९४ साली, पामतेलाची आयात खुली झाली. जकात आरंभी ६५ टक्के होती. १९९५ साली ती ३० वर आणि १९९८ साली १५ टक्क्यांवर आली. मध्यंतरी ती पुन्हा चढविली गेली, पण २००८ साली कच्च्या तेलावर ती शून्य झाली. जे आठ वर्षांत मिळविले ते तितक्याच अवधीत हातचे गेले. २०२२-२३ या तेलवर्षात देशात सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल बाहेरून आले, आणि त्यातील निम्म्याहून अधिक पामतेल होते.

याची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. प्रस्तुत लेखकाच्या आजी पळीने तेल मोजून देत, आणि गरिबाच्या घरी तर सणावाराखेरीज तळण दिसत नसे. स्वस्त तेलाने त्या घरांत कढई चढली, हे पुण्यच म्हणावे. परंतु १९९०च्या आगेमागे माणशी वर्षाला सहा किलोंच्या आसपास असलेले तेल आज अठरा-वीस किलोंवर गेले आहे. वैद्यकशास्त्र बाराच किलो पुरे म्हणते.

शिवाय या तेलास रंग नाही, वास नाही. ठेच्यावर कच्च्या करडईच्या तेलाची धार सोडली की जो घमघमाट सुटे, तो पिशवीतल्या तेलास कोठून यावा?

परावलंबन म्हणजे काय, हे २०२२ साली दिसले. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले व सूर्यफुलाचे तेल अडले. २८ एप्रिलपासून इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबविली. ती बंदी २३ मे रोजी उठली, पण तोवर आपल्याकडील किराणा दुकानांतील भाव आकाशास भिडले होते. जाकार्ताच्या एका फर्मानाने खेड्यातील वरणाची फोडणी महागावी, असा प्रसंग आपल्या आजोबांच्या कल्पनेतही आला नसता.

अलीकडे शहरांतून लाकडी घाण्याच्या तेलास मागणी वाढली आहे. विजेवर चालणारे घाणे बसवून आपल्यातील काही तरुणांनी धंदा पुन्हा मांडला आहे, आणि भावही चांगला मिळतो. त्यांची अडचण गिऱ्हाइकाची नाही, बियांची आहे. खरिपात सोयाबीन व मागाहून हरभरा, असा शेतकऱ्याचा क्रम आता बसून गेला आहे. करडईचे शेत पाहावयास कोसन्‌कोस हिंडावे लागते. गेल्या हंगामात आमच्या एका नातलगाने करडईसाठी तीन तालुके पालथे घातले, तेव्हा कोठे चार पोती हाती लागली.