शेळी, पेटंट आणि प्रतिविष

प्राण्याच्या शरीरातून औषध मिळवणे आम्हा भिवंडीकरांना नवे नाही. भातलावणीत साप चावला की टोचले जाणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येते. परळच्या हाफकिनने ते अनेक दशके बनवले. त्या घोड्यावर कोणाचे पेटंट नव्हते.

जनुक बदललेली शेळी आली आणि प्रश्न बदलला. अमेरिकेतील ‘जीटीसी’ कंपनीने शेळीच्या दुधातून काढलेले, रक्तातील गुठळ्या रोखणारे ‘एट्रिन’ २००६ मध्ये युरोपात आणि २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पण आजार दुर्मीळ, गिऱ्हाईक मोजके. डॉली मेंढीशी नाव जोडलेली ‘पीपीएल’ कंपनी तर मेंढीच्या दुधातले फुप्फुसविकारावरील औषध बाजारात येण्याआधीच बुडाली.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(जे), २००२ च्या दुरुस्तीनंतर, प्राण्याला पेटंट नाकारते. २००५ पासून औषधाला मात्र ते मिळू शकते. म्हणजे शेळीवर मक्तेदारी नाही, तिच्या दुधातून काढलेल्या नव्या औषधावर होऊ शकते.

मला यातून दिसते ते एवढेच: पेटंट मक्तेदारी देते, गिऱ्हाईक देत नाही. सर्पदंशाचे उलट आहे. तिथे रुग्ण पुष्कळ, पण खिसा रिकामा; म्हणून ते औषध टिकवायला सार्वजनिक संस्था लागली.