केसगळती : कारणे, निदान आणि उपचार

कंगव्यात केसांचा पुंजका दिसू लागला, की पहिला उपाय होतो तो तेल किंवा शाम्पू बदलण्याचा. नव्या जागेचे पाणी बाधले, असेही निदान घरच्या घरी होते. वास्तविक केस गळणे हा एक आजार नसून अनेक आजारांचे लक्षण आहे. मूळ कारण न शोधता केलेला खर्च बहुधा वाया जातो आणि काही प्रकारांत दवडलेला वेळ भरून निघत नाही.

केसांचे चक्र

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून पुन्हा नवा केस उगवतो. त्यामुळे दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक समजले जाते.

टायफॉइड, डेंग्यू यांसारखा तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, मानसिक धक्का किंवा वजन घटवण्यासाठी केलेली उपासमार यांमुळे असंख्य केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ते गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. तोवर रुग्णाला तापाचा विसर पडलेला असतो आणि दोष शाम्पूला दिला जातो. २०२० व २०२१ मधील कोविडच्या लाटांनंतर अनेकांना हाच अनुभव आला. ही गळती साधारणतः सहा महिन्यांत आपोआप थांबते.

इतर कारणे

आनुवंशिक टकलाचे कारण वेगळे. यात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे केसांची मुळे हळूहळू आक्रसत जातात. पुरुषांत कपाळाचे कोपरे व माथा विरळ होतो, तर स्त्रियांत भांग रुंदावतो. हा वारसा आई किंवा वडील, कोणाहीकडून येऊ शकतो. स्त्रियांमध्ये केसगळतीसोबत पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते.

चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. लहान मुलांच्या डोक्यावर खपल्या धरून केस तुटत असतील, तर नायट्याचा संशय घ्यावा लागतो. त्यासाठी नुसते मलम पुरत नाही, पोटातून औषध द्यावे लागते. लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, कर्करोगावरील केमोथेरपी आणि वर्षानुवर्षे ताणून बांधलेले केस हीदेखील कारणे आहेत.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात अनेक गावकऱ्यांना काही दिवसांतच टक्कल पडले. प्रथम संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावकऱ्यांच्या खाण्यातील गव्हात व रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त असल्याचे नोंदवले. केसगळतीचे मूळ नेहमी टाळूवरच सापडते असे नाही, हेच यातून दिसते.

निदान

त्वचारोगतज्ज्ञ प्रथम मागील सहा महिन्यांतील आजार, औषधे, आहार यांची विचारपूस करतात. ५०-६० केसांची बट हलकेच ओढून किती केस हाती येतात, हे पाहिले जाते. डर्मोस्कोप या भिंगातून मुळांची स्थिती कळते. गरजेनुसार हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइडच्या रक्तचाचण्या आणि क्वचित टाळूच्या त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी केली जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असल्यास ते आधी सांगावे. त्यामुळे थायरॉइडच्या चाचणीचे निष्कर्ष चुकू शकतात.

उपचार

आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल टाळूला लावतात. आरंभी गळती थोडी वाढते, फरक दिसण्यास चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की लाभही ओसरतो. पुरुषांसाठी फिनास्टेराइडच्या गोळ्या आहेत. मात्र काहींना लैंगिक तक्रारी किंवा नैराश्य जाणवते, म्हणून त्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. गर्भवतींनी या गोळ्या घेऊ नयेत आणि फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. चाईवर स्टेरॉइडची इंजेक्शने चट्ट्यात देतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. केशरोपणात डोक्याच्या मागील भागातील मुळे पुढे लावली जातात; नवे केस निर्माण होत नाहीत.

विलंब केव्हा नको?

टाळूवर वेदना, आग, पू किंवा लाली असेल, भुवया विरळ होत असतील, अथवा टक्कल पडलेल्या जागी त्वचेवरील छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर त्वरित तज्ज्ञांकडे जावे. अशा विकारांत मुळे कायमची नष्ट होऊन तेथे व्रण उरतो. गेलेले केस परत येत नाहीत. वेळेवर उपचार झाल्यास उरलेले वाचवता येतात.